आड आणि पोहरा

सुस्थित घरांच्या दिवाणखान्यांतून गेल्या काही वर्षांत एक नवा देव्हारा मांडला जाऊ लागला आहे. दर्शनी भिंतीशी छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर द्वारपालांसारखे उभे असतात, मधोमध सागवानी फळीवर ॲम्प्लिफायर विराजमान झालेला असतो, आणि यजमान आलेल्या पाहुण्याला प्रथम त्याचेच दर्शन घडवितात. किंमत विचारावी लागत नाही. ती आपण होऊन सांगितली जाते. तारा कोठून मागविल्या, त्यांच्या टोकांना सोन्याचा मुलामा कसा आहे, हेही सांगितले जाते. मग त्या यंत्रावर एखादे जुने नाट्यपद किंवा एखादी भैरवी लागते. ती कोणीतरी कोठून तरी उतरवून घेतलेली आणि पाच मोबाइलांतून ढकलत ढकलत येथवर आलेली असते. गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, तबला पाण्यात बुडाल्यासारखा वाजतो, आणि तंबोरा तर ऐकूच येत नाही. यजमान किंचित ओशाळून म्हणतात, "जुनं रेकॉर्डिंग आहे हो, ते असंच असायचं."

हे वाक्य आम्हांला मान्य नाही. त्यात गाणाऱ्यावर अन्याय आहे, ज्या कारागिरांनी ते मूळ मुद्रण केले त्यांच्यावर अन्याय आहे. आणि ज्यांनी मधल्या काळात त्याची धूळधाण केली त्यांना मात्र निर्दोष सोडून दिलेले आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही पोहरा चांदीचा केला, त्याला रेशमी दोर लावला, आणि आडात काय आहे हे वाकून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. घरातील श्रवणाचा आनंद यंत्राच्या किमतीवर थोडा आणि मुद्रणाच्या प्रतीवर फार अवलंबून असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. किंबहुना एका मर्यादेपलीकडे यंत्र जितके चांगले, तितके वाईट मुद्रण अधिकच वाईट वाटते. कारण चांगले यंत्र काही लपवीत नाही.

मुळात तबकडीत काय कोरलेले असते, हे एकदा समजून घेणे अगत्याचे आहे. भारतात फ्रेड गैसबर्ग याने ग्रामोफोन कंपनीसाठी पहिले ध्वनिमुद्रण केले ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गवई एका मोठ्या कर्ण्यापुढे बसून गाई, आवाजाच्या नुसत्या जोराने पडदा हले, आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरी. या रीतीने साधारणतः सेकंदाला दोनशे-अडीचशे कंपनांपासून अडीच हजार कंपनांपर्यंतचाच ध्वनी नीट उतरे. माणसाचा निरोगी कान मात्र वीसपासून वीस हजारांपर्यंत ऐकतो. १९२५ साली अमेरिकेत व इंग्लंडात विजेच्या साहाय्याने मुद्रण करण्याची रीत आली, पाठोपाठ ती आपल्याकडेही पोचली, आणि वरची मर्यादा पाच हजारांच्या आसपास व पुढे त्याहूनही वर गेली.

आता वीस हजारांपर्यंत स्वच्छ वाजणारा स्पीकर अशा तबकडीपुढे ठेवला, तर वरच्या भागात त्याला वाजविण्यासाठी गाणे नाहीच. आहे ती केवळ लाखेची खरखर. खाली तीस-चाळीस कंपनांपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरला तेथे सापडते ती तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची घरघर. म्हणजे ज्या वाढीव गुणांसाठी यजमानांनी पैसा मोजला, त्या गुणांतून त्यांना गाणे नव्हे, तर गाण्याच्या दोन्ही अंगांचा केरकचरा ऐकू येतो.

मग ती मुद्रणे टाकाऊ काय? मुळीच नव्हेत. गळ्याचा गाभा, म्हणजे स्वराचा लगाव, मींड, बोलाची फेक, तानेचा दाणा, हे सारे त्या मधल्या पट्ट्यात बव्हंशी येते. तबकडी जपून उतरविली तर तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या चिमुकल्या अवकाशात आख्खा राग उभा राहतो. खरखरीबद्दल आमची तक्रार नाही. खरखर ही प्रामाणिक असते. पाऊस पडत असताना देवळात कीर्तन ऐकावे, तसा कान तिच्यापलीकडे ऐकू लागतो; पाच मिनिटांत ती जाणवेनाशी होते. तक्रार आहे ती खोटेपणाविषयी.

खोटेपणा कोठे शिरतो ते पाहा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे पाऊण दशांश मिलिमीटर त्रिज्या भरेल एवढ्या बोथट टोकाची सुई लागते. नंतरच्या लाँग प्ले तबकडीची सुई याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी बारीक. घाईचा मनुष्य तीच बारीक सुई जुन्या तबकडीवर टेकवितो. ती खाचेच्या तळाशी, जेथे साठसत्तर वर्षांची धूळ आणि पोलादी सुयांची झीज साचली आहे, तेथे घासत जाते आणि गाण्याऐवजी तळाचा गाळ उपसून वर आणते. दुसरी गोष्ट अशी की, मुद्रण करताना खर्ज दाबून आणि तार चढवून खाच कोरण्याचा प्रघात आहे, आणि वाजविताना त्याच प्रमाणात उलट करावे लागते. १९५४ साली यासाठी एक समान माप ठरले. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीचे माप निराळे. आजचे यंत्र १९५४ नंतरचेच माप सर्वांना लावते. साहजिकच कोणाचा गळा भरड होतो, कोणाचा कोरडा पडतो, आणि ऐकणारा समजतो की, गवयाचाच आवाज तसा होता.

वेगाची कथा तर याहून गंभीर आहे. ७८ ही संख्या नावापुरती. १९२५ पूर्वीच्या तबकड्या कोठे सत्तरीच्या आरंभी, कोठे ऐंशीपर्यंत अशा वेगांवर कोरलेल्या आहेत. कित्येकांच्या कागदी चकतीवर तर ८० असे छापलेच आहे. समजा, एखादी तबकडी ७४ फेऱ्यांवर कोरलेली आहे आणि आपण ती ७८ वर लावली. वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढला. ऐकायला किरकोळ वाटते. पण सहा टक्के म्हणजे पेटीवरची एक पुरी पट्टी. काळी चारमध्ये गाणारा मनुष्य जवळजवळ पांढरी सहामध्ये गाऊ लागतो. तीन मिनिटे वीस सेकंदांचे गाणे दहा सेकंद आधी संपते. तान आहे त्याहून चपळ होते आणि भारदस्त गळा चिरका होतो. पुढे एखादा होतकरू विद्यार्थी याच मुद्रणावरून गायकी उचलतो, तो चपळपणा आणि चिरकेपणा हीच घराण्याची खूण समजून घोकतो, आणि हे सारे एका चुकीच्या फिरत्या चाकामुळे! मिरजेस ज्यांची समाधी आहे त्या अब्दुल करीमखाँ साहेबांच्या १९०४-०५ च्या सुमारास निघालेल्या पहिल्या तबकड्या आणि तीस वर्षांनी विजेवर मुद्रित झालेल्या तबकड्या यांची तुलना करून त्यांच्या गळ्याच्या वाढीविषयी सिद्धान्त मांडणाऱ्यांनी, आधी आपण दोन्ही कोणत्या वेगाने ऐकल्या हे सांगितले पाहिजे.

याच्याही पुढचा अपराध 'सफाई'चा. संगणकाला सांगितले की खरखर काढ, तर तो आज्ञाधारकपणे काढतो. परंतु त्याला खरखर आणि जवारी यांतला फरक कोणी शिकविलेला असतो? तंबोऱ्याच्या तारेतून जी झिणझिण उठते, जिच्यामुळे चार तारांतून सात स्वरांचा भास होतो, ती ध्वनीच्या वरच्या पट्ट्यातच राहते आणि लाखेची खरखरही तेथेच राहते. एकाच खोलीत राहणारे साव आणि चोर दोघेही एकाच हुकमाने हाकलले जातात. तंबोरा गेला, 'स' आणि 'श' यांतील वारा गेला, तबल्याच्या चाटेची टोकदार थाप गेली. उरला तो मेणाचा गवई. आणि अशा मालावर 'नवसंस्कारित' असा शिक्का मारून तो दुसऱ्यांदा विकला जातो! पूर्वी एका काळात एकाच वाहिनीचे मुद्रण चिरून त्याचे कृत्रिम द्विवाहिनी रूप करण्याची टूम निघाली होती. त्यात गवयाचे तार सप्तक एका कोपऱ्यात आणि मंद्र दुसऱ्या कोपऱ्यात जाई. जणू त्याला वाटणीचा दावा लावून दोन भावांत विभागून दिले. ती टूम ओसरली, हे एक बरे झाले.

मोठ्या आवाजाच्या चढाओढीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली तेव्हा अत्यंत हळू आणि अत्यंत मोठा यांत सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर मावेल एवढी जागा तिने दिली. इतकी ऐसपैस जागा मिळाल्यावर मनुष्याने काय केले? आपले गाणे शेजाऱ्याच्या गाण्यापेक्षा मोठे वाटावे म्हणून हळू भाग उचलून मोठ्या भागाच्या पंक्तीला बसविला. पाश्चात्त्य नाचगाण्याला त्याने फारशी इजा झाली नसेल. ख्यालाचा मात्र त्यात प्राण जातो. आलापीत षड्जावर येऊन स्वर विरतो, त्या विरण्यातच रस असतो. तो विरूच दिला नाही तर उरले काय?

यंत्राचा आम्हांला द्वेष आहे असे मात्र कोणी समजू नये. इंदूरच्या अमीरखाँ साहेबांची मारवा आणि दरबारी यांची १९६० सालची लाँग प्ले तबकडी घ्या. एका बाजूस एक राग, म्हणजे विलंबिताला पाय पसरण्यापुरती जागा. खाँसाहेब मंद्रात उतरतात तेव्हा तो आवाज बोटभर स्पीकरमधून येऊच शकत नाही. तेथे मोठ्या यंत्राला दिलेला पैसा सत्कारणी लागतो. एकाच वाहिनीचे मुद्रण, पण चांगल्या प्रतीवरून ऐकले तर समोर मनुष्य बसला आहे असे वाटते. याच गाण्याची १२८ किलोबिटांत दाबलेली प्रत, म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्कवर असते त्या माहितीच्या अकराव्या हिश्शाएवढी, त्याच यंत्रावर लावून पाहावी. यंत्र बदलले नाही, खोली बदलली नाही, गवई बदलला नाही. तरी काय हरवले ते कानाला कळते. हा प्रयोग प्रत्येकाने आपल्या घरी करावा आणि मगच पुढचा ॲम्प्लिफायर घ्यावयाचा की नाही ते ठरवावे.

आता एक उदाहरण असे देतो की, ज्याचा आम्हां गोमंतकीयांना अभिमान आहे पण ज्यातील बोध आम्ही घेतलेला नाही. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली, हे आमच्या सभांतून नित्य सांगितले जाते. ती तबकडी निवडणाऱ्या मंडळींना अमेरिकेत तिची प्रत मिळता मिळेना. अखेरीस न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या सामानाच्या दुकानात, एका मेजाखालच्या खोक्यात न उघडलेल्या प्रती सापडल्या. पहिले यान उडाले २० ऑगस्टला, दुसरे ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. हा योगायोग भाषणात फार खुलतो. परंतु आम्हांला त्या तबकडीच्या आवरणाविषयी बोलावयाचे आहे. मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीबरोबर सुई आणि तिचा धारक ठेवलेला आहे. आवरणावर सुई कोठे टेकवावी याची आकृती आहे, आणि तबकडीची एक फेरी किती वेळात पुरी झाली पाहिजे, म्हणजे ३.६ सेकंदांत, हे हायड्रोजन अणूच्या कालमापात कोरून दिलेले आहे. ज्याला आपली भाषा, आपले घड्याळ, आपले कानसुद्धा ठाऊक नाहीत अशा कोणा परग्रहवासीयाला केसरबाईंचा गळा खऱ्या पट्टीत ऐकू यावा, एवढी काळजी त्या माणसांनी घेतली. आणि त्याच केसरबाईंचे गाणे फोंड्यातल्या माणसाला विकताना वा फुकट वाटताना, ते कोणत्या प्रतीवरून, कोणत्या वेगाने, कोणती काटछाट करून उतरविले, हे एका ओळीत लिहिण्याची तसदी कोणी घेत नाही!

कायदा काय करतो, असे आम्हांला विचारले जाते. कायदा थोडे करतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२अ कलमाप्रमाणे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रसिद्धीचे वर्ष एवढा तपशील द्यावाच लागतो. मूळ प्रत कोणती, वेग कोणता, संस्कार कोणते, याविषयी कलम मुके आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ३८ब हे कलम येऊन, आपल्या कलाकृतीची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा हक्क कलावंताला मिळाला. पण त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणाने, केवळ तांत्रिक कारणासाठी आवश्यक अशा फेरफाराने प्रतिष्ठेला बाध येतो असे मानू नये, अशी पळवाट ठेवली आहे. तंबोरा पुसून टाकणारा तांत्रिक कारणाचीच सबब सांगणार, हे उघड आहे. म्हणून या प्रश्नी न्यायालयाकडे डोळे लावून बसण्यात आम्हांला अर्थ दिसत नाही. आणि हे लिहिणारे वकिलीवरच पोट भरतात, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मात्र त्याच कायद्यात एक उपयोगाची गोष्ट आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो, नंतर तो संपतो. १९६० पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावर आज कोणाचीही मालकी नाही. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क वेगळा मोजावा लागतो, हे खरे. परंतु परंपरागत चिजांना तोही अडसर नाही. तेव्हा 'कंपनी चांगले काढीत नाही' ही तक्रार घेऊन बसण्याचे आपल्याला कारण उरलेले नाही. तबकडी घरात असेल आणि हात जपून चालविता येत असतील, तर चांगली प्रत आपणच काढू शकतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय तबकडी-संग्राहकांच्या संस्थेतील हौशी मंडळींनी किती काम पदरमोड करून केले आहे!

दिवाणी न्यायालयात नक्कल दाखल केली की, पहिला प्रश्न येतो: ही कशावरून केली आणि कोणी ताडून पाहिली? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. चार गुंठ्यांच्या बांधासाठी आम्ही हा प्रश्न विचारतो, आणि केसरबाईंच्या गळ्यासाठी विचारीत नाही.

कोणी म्हणतील की, खऱ्या रसिकाला भाव पुरेसा असतो. देवाला भक्ती हवी, नैवेद्याचे ताट चांदीचे कशाला? आम्ही ताटाविषयी बोलतच नाही. ताट म्हणजे यंत्र. आम्ही बोलतो ते अन्नाविषयी. नासलेला नैवेद्य भक्तिभावाने वाढला म्हणून तो कोणी देवापुढे ठेवीत नाही. दुसरे कोणी म्हणतील की, आता संगणकाची बुद्धी इतकी वाढली आहे की हरवलेले सारे ती भरून काढील. भरून काढील, यात शंका नाही. पण ते तिने रचलेले असेल, गवयाने गायिलेले नसेल. मूर्तीचे नाक झिजले तर नव्या नाकाची मूर्ती घडवावी, पण ती स्वयंभू आहे असे सांगू नये.

आता आमच्या घरच्या विषयाकडे येतो. हा लेख लिहावयास बसलो ते मुख्यतः यासाठीच. ज्या गाण्याविषयी येथवर लिहिले, त्यातील कितीतरी गोव्याच्या देवळांच्या आवारात वाढले. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. कलावंत घराण्यांतील ज्या स्त्रियांनी देवळांच्या चौकात पिढ्यान्‌पिढ्या हे गाणे राखले, त्यांतील बहुतेकींचा आवाज कोणत्याही तबकडीत नाही. केसरबाईंना तालीम देणारे अल्लादियाखाँ साहेब १९४६ साली गेले. त्यांच्याही गाण्याचे मुद्रण मागे राहिलेले नाही. कुर्डी गाव तर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात आणि मूळचे ग्रामस्थ तेथे जमतात. पाण्याखालचा चौथरा वर येतो. न मुद्रिलेला नाद वर येत नाही.

हे सर्व कळूनही आज आमच्या देवळांतून काय चालते? सप्ताहाला, जत्रेला, चतुर्थीच्या आरत्यांना मुद्रण भरपूर होते. इतके की, डोळे मिटून ऐकणारा मनुष्य विरळा आणि हात वर करून मोबाइल धरणारे पन्नास. पण मुद्रण कशाचे होते? बुवांचे नव्हे, कर्ण्याचे. बुवा मायक्रोफोनमध्ये गातात, कर्णा ते फोडून बाहेर टाकतो, संगमरवरी फरशी आणि गिलाव्याच्या भिंती त्याचा गदारोळ करतात, आणि तो गदारोळ मोबाइल टिपतो. त्यातही मोबाइलच्या पोटात आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी एक योजना असते. घुमटावर थाप पडली की, ती घाबरून सगळेच दाबते. थाप विरली की सगळेच उचलते. परिणाम असा की, प्रत्येक थापेबरोबर गाणाऱ्यांचे आवाज बुडतात आणि पुन्हा वर येतात, जणू मंडळी होडीत बसून आरती म्हणत आहेत. शामेळाचा काठ आणि कासाळ्यांचा किणकिणाट एकमेकांत मिसळून एकच करकर होते. मग ती चित्रफीत व्हॉट्सॲपवर जाते, तेथे आणखी दाबली जाते, आणि परदेशी असलेला मुलगा ती आपल्या महागड्या स्पीकरवर लावून म्हणतो की, आपल्या देवळातला तो नाद काही येत नाही. कोठून येणार?

घुमटाची गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, ते योग्यच झाले. आता घुमटाला बकऱ्याचे कातडे लावतात, आणि २०१९ साली घुमट गोव्याचे वारसा-वाद्य म्हणूनही जाहीर झाले. दोन कातड्यांच्या नादात फरक आहे असे जुने वादक सांगतात. जुन्या नादाची ओळख ज्यांच्या कानात आणि बोटांत आहे अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. वारसा म्हणून हुकूम निघाला, समारंभ झाले. पण त्या माणसांना शांत जागी बसवून, नीट मायक्रोफोन लावून, सुवारीचे सगळे प्रकार त्यांच्याकडून वाजवून घेण्याचा उद्योग आपल्या किती देवस्थानांनी केला? एका देवस्थानात हा विषय आम्ही काढला, तेव्हा एका सभासदाने उत्तर दिले की, यूट्यूबवर सगळे आहे. त्याच सभेत सभामंडपासाठी नवे कर्णे घेण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

वस्तुतः यास खर्च फार नाही. दिवाणखान्यातील त्या द्वारपालांपैकी एकाच्या किमतीत चांगल्या प्रतीची मुद्रण-सामग्री येते. ती वापरण्याची रीतही सोपी आहे. ज्या रात्री मुद्रण करावयाचे त्या रात्री कर्णा बंद ठेवावा. पंखे आणि जनरेटरही. दोन मायक्रोफोन गाणाऱ्यांपासून सहा-आठ फुटांवर, डोक्याहून जरा उंच लावावेत, आणि घुमटवाल्यांना दोन पावले मागे बसवावे. ते रागावणार नाहीत, कारण समजावून सांगितले तर तेच अधिक नेमकी जागा सुचवितात. पातळी आपोआप ठरविणारी योजना बंद करावी. सगळ्यांत मोठी थापसुद्धा यंत्राच्या मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली राहील एवढीच पातळी ठेवावी. नंतर आवाज वाढविता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही. आरंभी पेटीवर षड्ज वाजवावा, म्हणजे पट्टीचा वाद पुढे राहणार नाही. मग तिथी, वार, देवळाचे नाव, आणि गाणाऱ्या-वाजविणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यांच्याच तोंडून घ्यावे. साथीदारांची नावे गाळण्याची तबकडी कंपन्यांची खोड आपण उचलू नये. मूळ मुद्रण जसे झाले तसे, काहीही न पुसता, तीन ठिकाणी ठेवावे, त्यांतील एक प्रत गावाबाहेर. सफाई करावयाची असेल तर ती नकलेवर करावी आणि नकलेवर तसे लिहावे.

हेच बेळगावच्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या, वडोदऱ्याच्या आणि हैदराबादच्या मराठी मंडळांनाही लागू आहे. तेथील राममंदिरांतून आणि दत्तमंदिरांतून जी पदे, ज्या आरत्या म्हटल्या जातात त्यांच्या चाली महाराष्ट्रात गेलेल्या चालींहून कित्येकदा निराळ्या असतात, कारण त्या दोनशे वर्षांपूर्वी घर सोडून आल्या आणि त्यांची पुढची वाढ तिकडेच झाली. त्या चाली मुखोद्गत असणाऱ्या आजींचे वय विचारावे आणि किती वेळ हाती आहे त्याचा हिशोब करावा.

आमच्या देवस्थानाच्या महाजनांच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा म्हणून आम्ही अर्ज तयार केला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत: मुद्रण-सामग्रीची खरेदी, वर्षातून चार रात्री कर्ण्याविना आरती, आणि देवस्थानाच्या कपाटातील जुन्या कॅसेट ओलसर खोलीतून हलवून त्यांची नोंदवही करणे. अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. अर्जावर अजून दोन महाजनांच्या सह्या हव्या आहेत.